नर्स हा शब्द लिहू नकोस

सॉर्गम बेंड, मिसिसिपी
२० सप्टेंबर २०२२

टायेशा,

प्रभूच्या कृपेने मी बरी आहे. तुझ्या कृपेने नाही.

रविवारी तू माझं नाक कापलंस. तेही होमकमिंगच्या रविवारी, गाव सोडून गेलेले वर्षातून एकदा चर्चला परततात तेव्हा, शिकागो-डेट्रॉइटहून आलेल्या पाहुण्यांसमोर. पत्रकात छापलं होतं, 'आपल्या मंडळीची लेक, नर्स टायेशा गॅटलिन'. पास्टर बिलिंग्सनी ते वाचलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. तू उठायचं, हसायचं आणि खाली बसायचं, एवढंच काम होतं. ते सोडून बाई काय म्हणतात? "माफ करा, मी अजून नर्स नाही. मी नर्सिंगच्या आधीचं शिकतेय."

आधीचं! सिस्टर इमॉजीन माझ्या ताटात कॅरॅमल केक वाढता वाढता म्हणाली, "काय गं व्हर्नेल, चार वर्षं झाली, पोरगी अजून आधीच?" केक तसाच ठेवून मी उठले.

तुझ्या बापामागे नऊ वर्षांची असल्यापासून तुला मी वाढवलं. पांढरे मोजे घालून नर्सांच्या रांगेत माझ्या शेजारी उभी केली. तेव्हा तुला कुणी 'नर्स टायेशा' म्हटलं की फुलून जायचीस. आता काय झालं? शहराचं पाणी लागलं?

फोन करू नकोस. उजवा कान गेला, डावा निघायच्या बेतात आहे. पत्र लिही, आणि नीट अक्षरात लिही.

तुझी आत्या,
नर्स व्हर्नेल गॅटलिन
अध्यक्षा, नर्स मंडळ, माउंट नेबो बॅप्टिस्ट चर्च


जॅक्सन
२ ऑक्टोबर

आत्या,

छापायच्या आधी मला विचारलं असतंस तर उठून बोलायची वेळ आली नसती.

पुन्हा एकदा सांगते, आणि या वेळी कान नाही तर डोळे तरी उघडे ठेव. मी कम्युनिटी कॉलेजात शिकते. तिथे शरीरशास्त्र, जंतुशास्त्र, रसायनशास्त्र, संख्याशास्त्र असे विषय करायचे. मग ते विषय घेऊन विद्यापीठात ट्रान्सफर मागायची, आणि ते घेतील तर पुढे नर्सिंगची पदवी. घेतील तर! बाहेरून येणाऱ्यांसाठी जागा आहेत दहा. मागच्या वर्षी मला नाही म्हणाले. का, तर मी केलेलं रसायनशास्त्र 'चुकीचं' निघालं. सल्लागार बाईंनीच सांगितलं होतं घ्यायला. बाई आता निवृत्त झाल्या, मी तेच शास्त्र दुसऱ्या नावाने पुन्हा शिकतेय.

आणि हे वर्ष शेवटचं आहे. शरीरशास्त्राचे मार्क पाच वर्षांपुढे ते धरत नाहीत. पुढच्या ऑगस्टमध्ये आत गेले तर गेले, नाहीतर सगळं पहिल्यापासून. मी सव्वीस वर्षांची आहे, आत्या. पहिल्यापासून करायची ताकद माझ्यात नाही.

आणि तुझ्या मंडळाबद्दल. कुणाच्या अंगात आलं की पंखा हलवायचा, खोकला आला की पेपरमिंट द्यायची, आणि टाचेपर्यंत पांढरं घालून मिरवायचं. पंख्यावर मयताच्या दुकानाची जाहिरात! तुमच्यापैकी एकीला तरी रक्तदाब मोजता येतो का? मला नऊ वर्षांची असताना नर्स म्हणवून घ्यायला आवडायचं, कारण मी नऊ वर्षांची होते.

टायेशा


सॉर्गम बेंड
११ ऑक्टोबर

टायेशा,

वाचलं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा मला वाटलं की चेष्टा करतेयस.

ट्रान्सफर! बदली पोस्टमनची होते. बदली पास्टरची होते, तीही त्याने काही भानगड केली तर. शिकणाऱ्या पोरीची बदली मी जन्मात ऐकली नव्हती. तुझ्याच कॉलेजात दोन वर्षांत नर्स करतात ना? इमॉजीनची नात झाली की. सुया टोचते, पगार घेते, आजीला चर्चला सोडते. तुला मात्र पदवीच हवी. दोन वर्षं शिकायचं, मग कळतं की ते शिकायच्या आधीचं होतं, आणि ज्या बाईने चुकीचं शिकवलं ती निवृत्त होऊन खुशाल मासे पकडत बसते. धन्य तुमची विद्या.

रक्तदाबाचं म्हणशील तर आम्ही मोजत नाही. आम्ही माणसाकडे बघतो. तुमच्याकडे ती पद्धत बंद झाली असेल.

थंडी सुरू झाली आहे, पायात काहीतरी घालत जा.

नर्स व्हर्नेल गॅटलिन


जॅक्सन
८ जानेवारी २०२३

आत्या,

पदवीच का, ते विचारलं होतंस. इथल्या मोठ्या इस्पितळात दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांचा कक्ष आहे. तिथे पदवीशिवाय उभं करत नाहीत. मला तिथेच काम करायचं आहे, दुसरीकडे कुठे नाही. आता हसायचं तर हस.

आज काम पडलं म्हणून लिहितेय, हे तुला कळेलच, तेव्हा आडवळण घेत नाही. अर्जासोबत एक फॉर्म लागतो. आजारी किंवा अडलेल्या माणसांची सेवा केल्याचे शंभर तास, आणि ज्याच्या देखरेखीखाली केली त्याची सही. मी ज्या वृद्धाश्रमात काम करायचे तो बंद पडला, तिथल्या मॅडम टेक्ससला गेल्या, त्यांचा पत्ता कुणाकडे नाही. उरलीस तू. यावर जे बोलायचं असेल ते स्वतःशी बोल, पत्रात लिहू नकोस.

फॉर्म सोबत आहे. भरून, पाकीट बंद करून, तूच थेट विद्यापीठाला पाठवायचा आहे. मी बघायचा नाही असा नियम आहे. तेव्हा नीट वाच:

नर्स हा शब्द लिहू नकोस. परवाना नसताना स्वतःला नर्स म्हणवून घेणं हा आपल्या राज्यात गुन्हा आहे, पहिल्याच आठवड्यात शिकवतात. 'स्वयंसेवक' लिही. 'चर्चमध्ये ज्येष्ठांना मदत' एवढंच लिही. इमॉजीनचं, पास्टरचं, देवाचं काही लिहू नकोस. पेपरमिंटचं तर अजिबात नको.

माझं सगळं यावर आहे, आत्या. चेष्टा करू नकोस.

टायेशा


सॉर्गम बेंड
१६ जानेवारी

टायेशा,

पाठवला. जे खरं आहे ते लिहिलं आहे. पेपरमिंटचा उल्लेख नाही.

नर्स व्हर्नेल गॅटलिन


जॅक्सन
९ मार्च

आत्या,

झालं तुझं समाधान?

आज विद्यापीठातून फोन आला. 'तुमच्या सेवेच्या फॉर्मबद्दल समितीला तुमच्याशी बोलायचं आहे. बावीस तारखेला या.' मी विचारलं, काही चुकलंय का? ती बाई म्हणाली, "त्यात लिहिलं आहे की तुम्ही नऊ वर्षांच्या असल्यापासून नर्स आहात." आणि हसली. हसली, आत्या! मी विनवण्या केल्या तेव्हा तिने ते वाक्य वाचून दाखवलं. 'टायेशा गॅटलिन ही माझ्या हाताखाली अकरा वर्षं नर्स होती.'

एक शब्द लिहू नकोस म्हटलं होतं. एक! दुसरं काही मागितलं नव्हतं. पण तुला कसं सुचणार? तुझा तो बिल्ला, ती टोपी, ते 'अध्यक्षा'! चार म्हाताऱ्या एकमेकींना नर्स म्हणतात आणि त्यांना वाटतं की जगाने पण म्हणावं. तुम्ही नर्सा नाही, आत्या. तुम्ही नर्सांचे कपडे घातलेल्या बायका आहात. तुमच्या त्या खेळात तू मला ओढलंस आणि माझी वाट लावलीस.

आता तिथे जाऊन मी काय सांगायचं, तेही मलाच ठरवायचं आहे.

टायेशा


सॉर्गम बेंड
१५ मार्च

टायेशा,

पत्र मिळालं.

रविवारी सभा संपल्यावर बिल्ला काढून इमॉजीनच्या हातात दिला. तिने कारण विचारलं. मी म्हटलं, माझी भाची शिकलेली आहे, ती म्हणते की हा गुन्हा आहे. इमॉजीनने बिल्ला लगेच आपल्या छातीवर लावून बघितला. तिला कायद्याची भीती वाटत नाही.

टोपीला इस्त्री करून पेटीत ठेवली. आता मी तिसऱ्या बाकावर बसते. तिथून गाणाऱ्यांच्या फक्त पाठी दिसतात.

बावीस तारखेला केस नीट बांधून जा.

व्हर्नेल


जॅक्सन
२ एप्रिल

आत्या,

बिल्ला द्यायची काही गरज नव्हती. तुझं नेहमीचंच, एक गोष्ट सांगावी तर दहा करायच्या.

मुलाखत झाली, ठीक झाली. तीन जण होते. प्रमुख डॉ. हॅझलेट म्हणून आहेत, आपल्यातल्याच, कृष्णवर्णीय, तुझ्याच वयाच्या असतील. नर्सिंगच्या प्राध्यापक. फॉर्मबद्दल दोन-चार प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली. मला प्रतीक्षा यादीत ठेवलंय, तिसरा नंबर. वरच्या दहापैकी तिघांनी जागा सोडल्या तर मला मिळेल. कुणी सोडत नाही म्हणतात.

बाकी विशेष काही नाही. रसायनशास्त्रात पहिला वर्ग आहे.

टायेशा


सॉर्गम बेंड
८ एप्रिल

टायेशा,

'दोन-चार प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली.' वा! तुला लहानपणी काच फोडल्यावर विचारलं तरी तू असंच सांगायचीस. 'खिडकीजवळ होते, मग घरी आले.'

मी बहिरी आहे, मूर्ख नाही. काय विचारलं आणि काय सांगितलंस ते लिही. माझ्याबद्दल काय बोललीस ते आधी लिही.

व्हर्नेल


जॅक्सन
१६ एप्रिल

आत्या,

हे पत्र चार वेळा फाडलं. आता जसं येईल तसं लिहिते.

डॉ. हॅझलेट यांच्यासमोर तुझा फॉर्म होता. त्यांनी मोठ्याने वाचला. 'कामाचं स्वरूप' या रकान्यात तू लिहिलं होतंस:

"माणूस पडायला लागला की टायेशा आधी त्याचा चष्मा काढते. मग मानेला मागून हात लावून घाम बघते. घाम गरम असेल तर देवाचं काम चालू आहे, ती पंखा हलवते आणि मध्ये पडत नाही. घाम गार असेल तर ते आमचं काम, ती मला हाक मारते आणि मी गाडी बोलावते. काही बघायच्या आधी ती कुणाला 'काही झालं नाही' असं कधी म्हणत नाही. अकरा वर्षांत तिने दोनदा हाक मारली. दोन्ही वेळा घाम गार होता."

वाचून झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "याबद्दल तुला काय सांगायचं आहे?"

मी आदल्या दिवशीच पाठ करून ठेवलं होतं. मी म्हटलं, "मॅडम, त्या फॉर्मबद्दल मी माफी मागते. माझी आत्या म्हातारी आहे, फारशी शिकलेली नाही. तिला नर्सिंगमधलं काही कळत नाही. ती चर्चमध्ये पेपरमिंट वाटते."

डॉ. हॅझलेट यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "मुली, आज आम्ही वीस जणींना बोलावलं. एकोणीस जणींना मार्क बघून बोलावलं. तुला या कागदासाठी." मग फॉर्म घडी करून फाइलमध्ये ठेवला आणि म्हणाल्या, "पुढची."

फोनवरची ती बाई कौतुकाने हसली होती, आत्या. मी ते ऐकलंच नाही.

मला माझीच लाज वाटते. आणखी काही लिहिता येत नाही.

टायेशा


सॉर्गम बेंड
५ जून

टायेशा,

मी लिहिणार नव्हते. सात आठवडे लिहिलं नाही, ते मुद्दामच. आता एक गोष्ट घडली आहे आणि ती तुलाच सांगण्यासारखी आहे.

काल सभेत दुसऱ्या गाण्याला सिस्टर ऑफेलिया पडली. दर रविवारी तिच्या अंगात येतं आणि ती पडते, तुला माहीत आहे. इमॉजीन माझा बिल्ला लावून धावली, मागून दोघी धावल्या, तिघी मिळून पंखे हलवायला लागल्या. चष्मा तसाच नाकावर. मी तिसऱ्या बाकावरून बघत होते. ऑफेलिया एरवी मागे पडते, हात उघडे टाकून. काल ती कडेला घसरली, हात पोटाशी घेऊन.

मला दिसलं, टायेशा. आणि मी उठले नाही. तुझं पत्र आठवलं. 'नर्सांचे कपडे घातलेल्या बायका.' आता तर माझ्या अंगावर ते कपडेही नव्हते, निळा झगा होता साधा. म्हटलं, ज्यांच्याकडे बिल्ला आहे त्या बघतील. एक अख्खं कडवं मी बसून राहिले.

मग उठले. इमॉजीनला बाजूला ढकललं, ती अजून बोलत नाही माझ्याशी. चष्मा काढला. मान बर्फासारखी गार होती. गाडी बोलावली.

ऑफेलिया वाचली, हृदयाचं होतं. डॉक्टर म्हणाले की आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं. ते एक कडवं मात्र मी विसरणार नाही आणि तुलाही विसरू देणार नाही. ते आपल्या दोघींचं आहे. तू मला काही कळत नाही म्हणालीस आणि मी ते खरं धरून बसले, माझ्यासारखी मूर्ख तीच.

तुझी जागा मिळाली की नाही, कळव. मी दर बुधवारी प्रार्थनेत सांगते, की त्या दहापैकी तीन पोरींची लग्नं ठरू देत. देवाला कारण सांगितलेलं नाही.

व्हर्नेल


जॅक्सन
२७ ऑगस्ट

आत्या,

तुझी प्रार्थना अर्धीच लागू पडली. एकीचं लग्न ठरलं. दुसरीला अटलांटात जागा मिळाली. तिसरीचं रसायनशास्त्र 'चुकीचं' निघालं! जुलैच्या शेवटी मला फोन आला. मी आत आहे. तुला आधी कळवलं नाही, कारण पहिला आठवडा संपेपर्यंत माझा विश्वास बसत नव्हता.

ऑफेलियाबद्दलचं तुझं पत्र मी पेटीत वर ठेवलंय. ते कडवं माझ्याही लक्षात राहील.

आता ऐक. शुक्रवारी प्रयोगवर्गात पुतळ्याला सुई टोचायला शिकवत होते. माझ्या शेजारची उंच पोरगी, सकाळपासून काही खाल्लेलं नव्हतं, ती हलायला लागली. सगळ्या ओरडल्या. एक पुस्तक उघडायला धावली, खरंच! मी काही ठरवलं नाही. माझा हात आपोआप गेला आणि तिचा चष्मा काढला. मग तिला खाली घेतलं, मानेला हात लावला आणि बाईंना हाक मारली, "गार आहे." साखर उतरली होती. पाच मिनिटांत उठून बसली आणि चष्मा कुठे म्हणून रडायला लागली. तो माझ्या खिशात होता.

बाई म्हणाल्या, "अजून हे शिकवलेलंच नाही. तू कुठे शिकलीस?" डॉ. हॅझलेट दारात येऊन उभ्या होत्या.

मी सगळ्यांसमोर सांगितलं, "माउंट नेबो बॅप्टिस्ट चर्चच्या नर्स व्हर्नेल गॅटलिन यांच्या हाताखाली. अकरा वर्षं."

डॉ. हॅझलेट यांनी मान डोलावली आणि त्या गेल्या.

टायेशा


सॉर्गम बेंड
२ सप्टेंबर

टायेशा,

काय गं शहाणे, परवाना नसलेल्या बाईला तू भर वर्गात नर्स म्हणालीस? तेही प्राध्यापकांसमोर? आपल्या राज्यात तो गुन्हा आहे, तुमच्याकडे पहिल्याच आठवड्यात शिकवतात म्हणे. तू त्या दिवशी गैरहजर होतीस वाटतं. पोलीस माझ्या दारात आले तर तुझा पत्ता देणार आहे, आधीच सांगून ठेवते.

तुझं पत्र मी प्रार्थनेच्या बुधवारी वाचून दाखवलं. सगळं नाही, शेवटचं तेवढं. दोनदा वाचलं, कारण इमॉजीनला पहिल्यांदा ऐकू आलं नाही म्हणाली. तिचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत.

होमकमिंग सतरा तारखेला आहे. पत्रकात तुझं नाव नुसतं 'टायेशा गॅटलिन, विद्यार्थिनी' असं छापायला सांगितलं आहे. आता उठून कुणाची चूक काढायची असेल तर खुशाल काढ. पांढरे मोजे आण, माझ्या शेजारी एक जण कमी आहे.

बिल्ला परत आला. इमॉजीनने स्वतः शिवून दिला. वाकडा शिवलाय, मुद्दाम. तसाच लावते आहे.

तुझी आत्या,
नर्स व्हर्नेल गॅटलिन
विनापरवाना